बाबांची पिकअप आणि सुटलेला कूलरचा पाइप

मंडळी, आज धीरच सुटलाय.

बाबांची जुनी अमेरिकन पिकअप तुम्ही पाहिलीय, ऑटोमॅटिक गिअरवाली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांनी तिच्यातून जखमी माणसं हॉस्पिटलात नेली होती. आता बाबा अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी आशा सोडलीय. त्यांचं एकच मागणं, "एकदा तिच्यातून फाउंटनला, हुतात्म्यांना नमस्कार करायला ने रे."

पण गिअरबॉक्स तापला की गाडी पुढे सरकतच नाही. म्हणून आज लालबागच्या सुरेश मेकॅनिककडून रेडिएटरपुढे गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा बाहेरचा ऑइल कूलर बसवून घेतला. दोघं ट्रायलला निघालो आणि शीवला कूलरचा पाइपच सुटला. सगळं तेल रस्त्यावर.

सुरेश खाली वाकून बघत म्हणाला, "गिअरबॉक्स गेलो रे. आता ही चलाची नाय."

टो करून परळला घरी आणली. बाबा धुतलेला सदरा घालून उशीला टेकून बसले होते. मला रडूच फुटलं. "बाबा, गाडी आता चालणार नाही हो."

ते म्हणाले, "मग ढकला. तेव्हाही पोलिसांना आवाज जाऊ नये म्हणून आम्ही इंजिन बंद करून ढकलतच नेली होती."

उद्या सकाळी निघतोय. जाईल तिथवर नेऊ. ढकलायला कोण कोण येताय?