नसलेला ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा जिभेपेक्षा पायावर जास्त भरवसा. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणारा कितीही बावचळला तरी मास्तर ओरडत नसत. खिडकीबाहेर बघत नुसता पाय दाबत. गाडी गपकन थांबे आणि शिकणाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. घरी बायको करवादायची, "अहो, कधीतरी तोंडानं बोला की!"

पहिला धडा ते एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये देत, दुकान उघडायच्या आत. ट्रॉल्या गोळा करणारी मावशी त्यांच्यासाठी वाट मोकळी करून देई. "फाटकाच्या आत आलो म्हणून कायदा बाहेर उभा राहत नाही," मास्तर बजावत. "इथं बेफाम हाकली तरी गुन्हा तो गुन्हाच." त्यांची लेकही तिथंच शिकली. पण हे वाक्य तिला इतकं पाठ झालं होतं, की ते तिला ऐकूच येत नसे.

लेक घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. या कामासाठी तिनं गाडी घेतली, जुनी का होईना, स्वतःची. आणि बापाला शेजारी बसवून मिरवायला याच पार्किंगमध्ये आली. आनंद पोटात मावेना, तो पायात उतरला. उभ्या गाड्यांच्या रांगांमधून गाडी सुसाट सुटली. तेवढ्यात खांबाआडून मावशी ट्रॉल्या ढकलत पुढे आली. मास्तरांनी नेहमीसारखा पाय दाबला. जीव खाऊन दाबला. पायाखाली नुसती रबरी चटई होती.

"थांब!" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो ट्रॉल्या आडव्या झाल्यावर. मावशीच्या जिवावरचं मनगटावर निभावलं, पण मनगट मोडलं.

दुकानाचा मॅनेजर धावत आला. "जागा आमची, खाजगी आहे. आपसात मिटवून टाकू."

"जिथं चार लोकांची ये-जा, तिथं कायदा आलाच, साहेब," मागोमाग पोचलेला हवालदार म्हणाला.

लेकीनं बापाचा दंड घट्ट धरला. "बाबा, मावशी एकदम मध्ये आल्या ना? सांगा ना यांना. लायसन्स गेलं तर नोकरी जाईल हो माझी."

हवालदार मास्तरांकडे वळला. "तुम्ही शेजारी होता. काय झालं?"

भुईनं पोटात घ्यावं असं मास्तरांना झालं. समोर मावशी मोडका हात मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"वेग फार होता," मास्तर म्हणाले. "मावशींची काही चूक नाही. मी वेळेवर ओरडायला हवं होतं, तर ब्रेक दाबत बसलो."

"कुठला ब्रेक?"

"नसलेला."

दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी जमा झालं, नोकरी गेली. लेक बापाशी बोलेना. शेजारी जेवायला बसायची, पण मीठसुद्धा आईकरवी मागायची. मास्तरांचं काळीज तुटायचं. बाप खरं बोलला हे बरोबरच, पण खरं बोलल्यानं घास गोड लागतो असं थोडंच आहे!

लायसन्स परत मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं शिकवणीच्या गाडीची किल्ली उचलली. "चला," एवढंच म्हणाली. पार्किंगच्या फाटकाशी तिनं गाडी थांबवली.

"बाबा, पाय वर घ्या."

"अगं, पण..."

"वर. तुमचा ब्रेक मला नको. काही सांगायचं तर तोंडानं सांगा."

मास्तरांनी मुकाट्यानं सीटवर मांडी घातली. गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. त्याच खांबाआडून मावशी ट्रॉल्या ढकलत आली. मास्तरांनी "थांब" म्हणायला तोंड उघडलं, पण गाडी कधीच थांबली होती. मावशीनं दोघांना ओळखलं, आणि मोडून जुळलेल्या मनगटाचा हात वर करून 'जा तू आधी' अशी खूण केली.

लेक हलेना. काच खाली करून ती म्हणाली, "नाही मावशी. आधी तुम्ही."

शेजारी मास्तर मांडी घालून रडत होते, आणि तोंडातून एक शब्द फुटत नव्हता.