समितीचं जेवण

माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांचं नुसतं नाव घेतलं तरी आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी तामलवाडीहून तुळजापूरला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जायचे, आणि तिथंच हे सर विभागप्रमुख. माझा प्रबंध पुढं पाठवायचा तर त्यांचीच सही लागणार होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते मला विसरूही देत नसत.

माझं काम अणूंचं. तांब्याच्या पृष्ठभागावर बसलेला अणू शेजारच्या खळग्यात कधी उडी मारतो, ते संगणकावर बघायचं. उडी इतकी क्वचित, की साध्या पद्धतीनं बघत बसलं तर जन्म पुरत नाही. म्हणून वेग वाढवायची एक युक्ती असते. खळग्याचा तळ थोडा वर उचलायचा म्हणजे अणूला बाहेर पडायला सोपं जातं, आणि तळ किती उचलला त्यावरून खरा काळ काढायचा. अट एकच. दोन खळग्यांमधल्या उंबऱ्याला हात लावायचा नाही. उंबराच वर उचलला गेला, की निघालेला काळ खोटा.

मी तळ बेताबेतानं उचलत होते. उड्या कमी पडत होत्या, पण खऱ्या होत्या. सरांना मात्र घाई.

"उचल की अजून," ते म्हणाले.

"सर, उंबरा हलतोय."

"कोण बघतंय गं? तुमच्या लोकांना सगळं सवलतीत मिळतं, मेहनत नको वाटती."

'तुमच्या लोकांना' म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रागानं माझे कान तापले. तळ किती उचलायचा त्या सेटिंगला मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच ते वाढवलं, काम परत चालवलं आणि त्यातून आलेला उड्यांचा भलामोठा आकडा माझ्या सादरीकरणात घातला. वर सुनावलं, "गप मांडायचं, न्हायतर दुसरा गाइड बघ."

आमच्याकडं प्रबंधाआधीच्या सादरीकरणाला समितीला जेवण घालायची रीत आहे. नियमात कुठंच नाही, पण शाल, नारळ आणि जेवण नसलं तर विद्यार्थ्याला वळण नाही म्हणतात. वर सरांनी पुरणपोळीच हवी म्हणून सांगून ठेवलेलं. आई पहाटेपासून राबली आणि पुरणपोळ्या, येळवणीच्या आमटीचं पातेलं घेऊन रिक्षानं आली. ती मागच्या बाकावर बसून राहिली.

समितीवर बाहेरून आलेल्या मॅडमनी तो आकडा बघितला आणि विचारलं, "तळ इतका उचललात, मग उंबरा मोकळा राहिला का?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "सगळं तिनंच केलंय. मी फक्त मार्गदर्शक."

मी म्हणाले, "मॅडम, उंबरा मोकळा राहिलेला नाही. हा आकडा खोटा आहे, आणि तो माझा नाही. सरांनी सेटिंग वाढवलं. माझा आकडा लहान आहे, दाखवू का?"

दाखवला. मॅडम तो नीट तपासून म्हणाल्या, "हाच धरून परत मांडा. आज मंजुरी देता येणार नाही." सर हसले, जणू काही घडलंच नाही, आणि उठून म्हणाले, "चला, आधी जेवून घेऊ. गरम आहे तोवर."

ताटं घेऊन सगळे आईपुढं उभे राहिले. सर पहिले. आईनं त्यांच्याकडं न बघता मला विचारलं, "झालं का गं तुजं?"

"न्हाय आई. परत करावं लागंल."

"मग ह्ये जेवण कशाचं?"

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पोळ्यांच्या डब्याची कडी लावली. मॅडमनी आपलं ताट टेबलावर ठेवलं. सरांचं मात्र पुढं केलेलं ताट हातात तसंच राहिलं.