मधल्या खोलीतला वास

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. "वासाचं नाव जरी काढलंस तर एक पाहुणा फिरकायचा नाही." पाहुणे म्हणजे केळव्याच्या समुद्रावर येणारे मुंबईचे लोक. शेजारच्याच माहीम गावातल्या आमच्या घराची मधली खोली आम्ही त्यांना राहायला देतो. पण त्या एका वासाचे इतके किस्से साठलेत की बोलायला लाजणाऱ्या मुलीने ते ठेवायचे कुठे? म्हणून लिहिते.

ती खोली आधी निमाआत्याची होती. निमाआत्या बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं नाही. पानवेलींची वाडी तीच सांभाळायची, रोज सकाळी फावडं घेऊन पाणी फिरवायची. दिवाळीनंतर बाबांनी तिचा पलंग मागच्या पडवीत हलवला, खोलीत डबलबेड आणला आणि वाडीला पंप बसवला. म्हणाले, "ताई, तू आता आराम कर." आराम म्हणजे पाहुण्यांचा स्वयंपाक.

*

पहिलं जोडपं आलं. बाईंनी दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली.

"कुबट वास येतोय."

"जुनं घर आहे ना मॅडम," बाबा हसून म्हणाले. "हेरिटेज."

"हेरिटेज ठीक आहे हो, पण उशीलासुद्धा येतोय."

चहा निम्मा ठेवून ते गेले. पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते, तरी भिंतीचा खालचा भाग हाताला गार लागायचा. ते मी पाहिलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

*

मग उपाय सुरू झाले. आईने कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवली, पलंगाखाली कोळसे ठेवले. कापूर झाला, ऊद झाला. पुढच्या शनिवारी आलेले आजोबा उंबऱ्यावरच थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरात नुकतंच कुणी गेलंय का?"

बाबांनी बोईसरहून गुलाबाचा स्प्रे आणला. तो मारल्यावर गुलाबाला बुरशी आल्यासारखा वास यायला लागला.

*

उपाय संपल्यावर माणसं कारण शोधतात. बाबांना कारण कोपऱ्यात सापडलं. आत्याची पत्र्याची पेटी आणि गोधड्या अजून त्याच खोलीत होत्या.

"ताई, राग मानू नकोस. पण तुझ्या सामानाचा असेल वास."

आत्याने सगळ्या गोधड्या अंगणात वाळत घातल्या आणि स्वतःही त्यांच्या शेजारी उन्हात बसली. दुपार झाली तरी उठेना.

"ताई, आत या. ऊन लागेल," आई म्हणाली.

"लागू दे. गोदड्या माज्याच हायत, वास पन माजाच असंल."

आई आत गेली आणि तिने भांडी जरा जोरात घासली.

*

चार दिवसांसाठी म्हणून बाबांनी आत्याला पाम गावी चुलत बहिणीकडे पोचवलं. पेटी आणि गोधड्याही गेल्या. पाचव्या दिवशी बाबांनी मला मधल्या खोलीत बोलावलं.

"तुझं नाक तिखट आहे. सांग, गेला ना वास?"

वास होता. जसाच्या तसा होता. पण बाबा कारखान्यातली रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल होते, आणि आई-बाबा दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कमी झालाय," मी म्हणाले.

बाबांनी तिथल्या तिथे पामला फोन लावला. "ताई, राहा अजून थोडे दिवस. तुलाही बदल होईल."

हा किस्सा मी आजवर कुणालाच सांगितला नव्हता, आईलासुद्धा नाही.

*

पाहुण्यांना मात्र वास काही कमी वाटेना. शेवटी बाबांनी बोईसरहून एक रंगारी आणला. त्याने रंगाचा डबा उघडलाच नाही. पत्र्याच्या पट्टीने भिंत खरवडली, ओला चुना बोटावर घेतला आणि बाबांच्या पुढे धरला.

"साब, परफ्यूम मारने से कुछ नहीं होगा. दीवार पानी पी रही है."

आम्ही घरामागे गेलो. पंपाचं पाणी वाडीच्या पाटातून भिंतीला लागून चाललं होतं.

"आत्या इथे मातीचा बांध घालायची," मी म्हणाले. "पाणी भिंतीपाशी यायच्या आधीच पलीकडे वळवायची. रोज."

"मग सांगितलं का नाही तिने?"

"तिला कुणी विचारलं नाही."

माझ्या तोंडून एवढं कधी निघत नाही. बाबा पाण्याकडे बघत राहिले. मग रंगाऱ्याला म्हणाले, "पाइप लांबवायला पाहिजे." आत्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

*

भिंत वाळली, वास गेला. बाबा मोटरसायकलवरून पामला जाऊन आत्याला घेऊन आले. मला वाटलं, माफी मागायला गेले असतील. पण त्या आठवड्यात सहा पाहुणे यायचे होते आणि त्यांना घरचं जेवण हवं होतं. आत्याची पेटी आता पडवीत आली.

गेल्या रविवारी सगळे ओटीवर जेवायला बसले होते. आई भात वाढत होती, मी पाणी देत होते, आत्या गरम भाकऱ्या आणून देत होती. पाहुण्यांतल्या एक बाई फार चांगल्या होत्या. आत्याचा हात धरून म्हणाल्या, "मावशी, काय चव आहे हो तुमच्या हाताला. किती वर्षं झाली इथे कामाला?"

आत्याने त्यांच्या ताटात भाकरी ठेवली.

"जल्मापासून."

सगळे हसले. त्या बाई तर खूपच हसल्या आणि आईला म्हणाल्या, "नशीबवान आहात. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. कोण या, गावातल्याच का?"

आईच्या हातातला भाताचा डाव थांबला. आत्या दारात उभी होती. बाबा खाली मान घालून आमटी ढवळत होते. आईने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा त्या बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाली, "या ना, या आमच्या—

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले. चादरीच आणतेय.