नाडीचा वळ

"श्वास येतोय? मग सैल आहे." असं म्हणून मावशी नवरीच्या परकराच्या नाडीला आणखी एक हिसका द्यायच्या. नवरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. "रडू नको गो, काजळ पसरेल," एवढीच त्यांची माया.

लालबागच्या आमच्या चाळीत मावशी साड्या नेसवायच्या. लग्न असो की पाडव्याची मिरवणूक, पहाटेपासून त्यांच्या दारात रांग. तुमच्याही ओळखीत अशी एक बाई असेलच, जिच्या हाताला गुण असतो आणि जिभेला हाड नसतं. जाड मुलीला त्या तोंडावर विचारायच्या, "पिंपाला कुठून कंबर आणू?" स्वतः झोपतानाही साडीतच, आणि नाडी कायम एकाच जागी, मांसात रुतेल इतकी घट्ट.

मी जवळच्याच हॉस्पिटलात त्वचारोग विभागात नर्स आहे. नाकाजवळचा मण्यासारखा चकचकीत फोड, जो खपली धरतो आणि पुन्हा रक्ताळतो. तळपायावरचा वेड्यावाकड्या कडांचा, वाढत जाणारा काळा डाग. महिना उलटला तरी न भरणारी जखम. तिन्ही कॅन्सरच असू शकतात, तीन जातींचे. लोक मात्र कुरूप किंवा चामखीळ समजून ब्लेडने कापतात नाहीतर चुना लावतात. चाळीत मी हे सांगायला लागले की मावशी म्हणायच्या, "आली बघा, तीळ मोजणारी!" सगळ्या हसायच्या. माझा जळफळाट व्हायचा.

एकदा त्या निऱ्या घालायला वाकल्या तेव्हा त्यांच्या साडीवर कमरेशी रक्त दिसलं. मी त्यांना आत नेऊन नाडी सोडायला लावली. कमरेभोवती काळा वळ होता, साडी नेसणाऱ्या कितीतरी बायकांना असतो तसा. पण उजवीकडे त्या वळातून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं मांस वर आलं होतं. त्यात हळद भरलेली, आणि वरून पुन्हा नाडी.

"कधीपासून?"

"गेल्या गणपतीपासून. काचलंय नुसतं."

"मग खाली तरी बांधायची!"

"खाली? साडी उतरेल ना!"

मी त्यांना आमच्या हॉस्पिटलात नेलं. त्या मांसाचा तुकडा तपासून आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, त्याच जागी वर्षानुवर्षं नाडी काचली, त्यातून कॅन्सर झालाय. लवकर आला असतात तर तेवढंच कापून भागलं असतं. आता तो पसरून जांघेत गाठी आल्यात."

"म्हणजे नाडीने मरणार मी?"

डॉक्टरीणबाई ऑपरेशनचा कागद लिहायला लागल्या. मावशी माझ्याकडे वळल्या. "तू तरी बोल गो." मी त्यांची नाडी सैल करून बांधून दिली.

ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. जखमेला वास यायला लागला. ज्यांना त्यांनी नेसवलं होतं त्या पोरी दारातूनच, नाकाला रुमाल लावून, "बऱ्या व्हा हं" म्हणून जायच्या. त्या पोरींचा मला अजून राग येतो. मावशी गाऊनमध्ये पडून असायच्या, तोंड भिंतीकडे. त्यांनी कोणाला टोमणा मारणं सोडलं, तेव्हाच मला कळलं की त्या आता जाणार.

त्या गेल्या. चौथ्या दिवशी त्यांची सून माळ्यावरून भांडी काढत होती. तिचा पदर सरकला. कमरेवर तसाच वळ, आणि त्यात रुपयाएवढा ओला चट्टा.

"उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल."

"तेरावं होऊ दे, सिस्टर."

तेरावं झालं. मी पुन्हा गेले, तर तिच्या मुलाची परीक्षा होती. मग गणपती आले. परवा वर्षश्राद्ध झालं. पानं वाढताना ती एका हाताने कंबर दाबून धरत होती.