फुंकणीच्या जागी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ब्लूटूथवर मात्र होता, आणि तिथंच फसलो...

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवार, सकाळचे अकरा, कोल्हापूरजवळ हुपरीतलं आमचं घर. वारणानगरहून लेकीचे सासरे आलेले. मला पावण्यांत बसवेना, म्हणून आतल्या खोलीत जाऊन कानात इअरफोन घातले, टेक्नो लावलं — आणि ते वाजलं बाहेरच्या स्पीकरवर. धाड धाड धाड.

"काय पावणं, घरात गिरण घातलीसा व्हय?" व्याह्यांचा आवाज.

पन्नाशीत टेक्नो... हसा, बायकोही हसते. तरुणपणी मी गुणगुणता येईल असं, गाण्यासारखं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचो. गेल्या वर्षी आई गेली आणि मला नुसता ठोका लागायला लागला, डोक्यात दुसरं काही शिरू नये म्हणून. पुढं त्याचाही वीट आला, तरी बंद करवत नव्हतं. जेवताना उठून फेऱ्या मारायचो.

बंद का करवत नव्हतं, ते सांगतो. आमचा चांदीच्या पैंजणांचा घरगुती कारखाना. जोडकामाला गॅस आला तरी आई कड्या जोडायची ती जुन्या फुंकणीनं ज्योत फुंकूनच. "एवढा लॉट झाला की बस कर," असं मी तिला प्रत्येक लॉटला म्हणायचो. शेवटचा लॉट अर्धा ठेवून ती गेली.

काम करताना ती एक चाल गुणगुणायची. तिसऱ्या ओळीला फुंकणी तोंडात जायची, चाल तुटायची. कडी जोडली की चौथीपासून पुढं. मधला तुकडा घरात कुणी ऐकलेलाच नाही.

तर त्या रविवारी व्याह्यांचा आवाज आला तसा मी घाबरून फोनच्या स्क्रीनवर अंगठा मारला... आणि भलतंच काही लागलं. इलेक्ट्रॉनिकच, पण संथ, शब्द नाहीत. चाल आईची.

मी बाहेर आलो. बायको पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबलेली. वीस वर्षं ती आईशेजारी बसून काम करत होती, आईला 'आत्ती' म्हणायची. तिसरी ओळ आली. सवयीनं मी तुटायची वाट बघितली... तुटली नाही. वर गेली, वळली, सावकाश उतरून चौथीला मिळाली.

"हे बरं हाय की," व्याही म्हणाले.

पावणे गेल्यावर तोच ट्रॅक लावला. छान होता, पण चाल आईची नव्हती, वेगळीच होती. तेव्हापासून टेक्नो बंद, असलंच संगीत ऐकतोय. ती चाल काही सापडली नाही. स्पीकरच्या दुकानदाराला सगळं सांगितलं, तो म्हणाला बॅटरी बदला.

बायकोला मात्र त्याच दुपारी विचारलं होतं, "तू पण ऐकलंस न्हवं?"

ती बशा विसळत होती. "ऐकलं की. आज आत्तींनी मधी फुंकणी घेतली न्हाय. हात मोकळं झालं असतील त्यांचं."