अंगारकीचं रगत

परंदवडीत नंदाबाईला सगळे ‘रगतवाली’ म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या बंगल्यांत बारा वर्षं फरशी पुसली, तिथं तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. ‘बाई’ म्हटलं की संपलं. रगतवाली निदान साऱ्या गावात एकच होती.

एका प्रयोगशाळेसाठी गावोगावच्या बाया रक्त द्यायला राजी करायच्या, हे तिचं काम. छातीचा कॅन्सर गाठ हाताला लागायच्या आधी रक्तातल्या प्रथिनांवरून ओळखता येईल का, याचा तिथं शोध चाललेला. डॉक्टर राजेश्वरी त्या कामाच्या मुख्य. नंदाबाई सातवी पास, पण ह्या कामाचं मोल तिला वेगळं सांगायला लागलं नाही. तिची सख्खी थोरली बहीण रेणुका, तीच तिची जाऊ. ती त्याच दुखण्यानं गेली. गाठ दुखत नव्हती म्हणून वर्षभर कुणाला बोललीच नाही. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरनं तपासलं आणि नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला.

प्रथिन म्हटलं की गावातली पोरं तालमीतल्या डब्यातली पावडर समजत. नंदाबाई बायांना आपल्या रीतीनं सांगायची.

“आंग म्हंजी लगीनघर समजा. प्रथिनं म्हंजी तितं राबणारी मानसं. पानी भरणारं येगळं, भांडी घासणारं येगळं, भांडणं सोडवणारं येगळं. आता मांडवात भांडणं सोडवणारीच जास्त दिसाया लागली, तर काय समजायचं?”

“आत कायतरी पेटलंय,” बाया म्हणायच्या.

“बास. रगतात त्येच बगायचं. कोन वाढलं, कोन घटलं.”

राजेश्वरीनं हे एकदा ऐकलं आणि तिथंच वहीत उतरवून घेतलं.

सहा-सात गावं झाली आणि परंदवडीची पाळी आली. एकतीस बाया कबूल झाल्या. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. नंदाबाईनं डोकं चालवलं आणि अंगारकीचा दिवस धरला. तिच्या घरात आजेसासऱ्यानं बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हाच उपासतापास बंद झालेले. पण मराठ्यांच्या बाया त्या दिवशी आयत्याच उपाशी, मग वेगळं सांगायला कशाला पाहिजे? ती दारोदार सांगून आली, “अंगारकीचा उपास धरून शाळेत या.”

बाया उपास धरूनच आल्या. म्हणजे पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी, भगर, वर शेंगदाण्याची आमटी, आणि एकीनं तर लोणावळ्याची चिक्की ओच्यात बांधून आणून रांगेत सगळ्यांना वाटली. नंदाबाई तेव्हा आत नावं लिहून घेत होती.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीचा फोन आला. “नंदाताई, रक्तावरचं पाणी पिवळं दिसायला हवं. सगळ्या नळ्यांत ते दुधासारखं पांढरं आलंय. बायकांनी काय खाल्लं होतं?”

“काय न्हाई म्याडम. उपास हुता ना.”

पलीकडून हळूच आलं, “नंदाताई, उपासाला काय खातात?”

“साबुदाना, भगर, शेंगदान्याची आमटी...” सांगता सांगताच नंदाबाईच्या ध्यानात आलं.

खाल्लेलं तेल-तूप रक्तात उतरलं होतं. असल्या नळ्यांत प्रथिनं धड मोजता येत नाहीत. रविवारपर्यंत त्याच बायांनी पुन्हा रक्त दिलं तर ठीक, नाहीतर परंदवडी सोडून पुढं जावं लागणार होतं. तिचा नवरा भिमाजी पोट धरून हसला. “म्हंजी म्याडमनी शेंगदान्याची आमटी तपासली म्हन की!”

“दात काढू नका. गाव ऱ्हायलं तर रेणुकाआक्काच्या गावचंच रगत त्यात नसंल.”

भिमाजीचं हसू तिथंच थांबलं.

वरच्या आळीतली शालूबाई हो म्हणाली तर बाकीच्या येणार, हे नंदाबाईला पक्कं ठाऊक. ती गेली तेव्हा शालूबाई गोठ्यात शेण भरत होती.

“आली का रगतवाली! परवाचं पुरलं न्हाई व्हय गं?”

“वाया गेलं, मावशी. चूक माजी. उपास म्हनाया नको हुतं, निरंकार म्हनाया पायजे हुतं. नुसतं पानी चालतंय. आमच्यात उपास नस्त्यात, माज्या ध्यानातच आलं न्हाई.”

“बंगल्यात अंगारकीची पातेली घासली असशील की न्हाई?”

“घासली. तळाला चिकाटल्याला साबुदाना बी खरवडला.”

शालूबाई हसली नाही. “परत रगत दिलं, तर मला काय निगालं ते कळंल का?”

नंदाबाईला ह्याच प्रश्नाचं भ्या होतं. व्हय म्हटलं असतं तर सगळ्या आळीच्या बाया पळत आल्या असत्या.

“न्हाई. तुमाला काय कळनार न्हाई. धा-पंदरा वर्सांनी कुना बाईला कळंल, ती बी आपल्या वळकीची नसंल.”

“मग मी कशाला सुई टोचून घिऊ?”

“त्ये तुमी ठरवा. खोटं सांगून न्हेनार न्हाई.”

शालूबाईनं शेणाची पाटी खाली ठेवली. “रेणुकाची गाठ मी बगितली हुती. वढ्यावर धुनं धुताना. कुनाला सांगशील तर माजी आन, म्हनली. मी बी गप बसले.”

नंदाबाईच्या जिभेवर शिवी आली होती. ती तिनं गिळली. म्हातारी मातीकडं बघत उभी होती.

“किती वाजता यायचं?” शालूबाईनं विचारलं.

“सातला.”

रविवारी अठ्ठावीस बाया आल्या. दोघींना नवऱ्यांनी सोडलं नाही, एक माहेरी गेलेली. राजेश्वरी म्हणाली, एवढ्या पुरतील. ह्या खेपेला ती रक्त फिरवायचं यंत्र शाळेतच घेऊन आली होती. रक्त दिल्यावर बायांनी भाकरीची फडकी सोडली. शालूबाई तेवढी भिंतीला टेकून कोरडीच बसली.

“आता खा की, मावशी.”

“आदी बगा. परत पांडरं निगालं तर परत काडायला लागंल. मी न्हाई खायाची.”

अर्धा तास रक्त गोठायला ठेवलं. मग यंत्र घूं घूं करून फिरलं आणि थांबलं. राजेश्वरीनं शालूबाईची नळी काढून उजेडात धरली. खाली रक्त बसलेलं आणि वर करडीच्या तेलासारखं नितळ, पिवळं पाणी.

“छान आलंय, आजी.”

शालूबाईनं मान वाकडी करून नळी खालवर न्याहाळली. “येवडंच व्हय? ह्यात त्येवडी सगळी मानसं?”

“त्येवडी सगळी,” नंदाबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून घेतलं.

“कोन काय करतंय त्ये तर तू मला सांगनार न्हाईस.”

“न्हाई.”

“मंग च्या तरी पाज, रांडं. सकाळपास्नं डोस्कं धरलंय.”