आधी तिला एकटीला भेटू द्या

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात सुलक्षणा जन्मली. समुपदेशक व्हायचं तिनं ठरवलं, तेव्हा तिच्या आईला, धोंडाबाईला, तो शब्दच उच्चारता येईना.

"म्हंजी करणार काय तू?"

"नवरा-बायकोची, घरातली भांडणं ऐकून घेणार."

"ती तर हितं समदीच ऐकत्यात!"

ऐकणं आणि शिकून ऐकणं यातला फरक सुलक्षणाला पुण्यात कळला. मानसशास्त्रात एम.ए. झालं, मग कुटुंब समुपदेशनाचं वेगळं शिक्षण, आणि पुढं काही वर्षं अनुभवी समुपदेशक शेफाली मॅडमच्या हाताखाली काम. बैठक संपली की मॅडम खोदून विचारायच्या, नवरा बोलत असताना बायको कुणाकडं बघत होती? एक नियम त्यांनी तिच्यात पक्का मुरवला. जोडप्याला समोरासमोर बसवण्याआधी एकेकाला एकटं भेटायचं. एक जण दुसऱ्याला भीत असेल, तर एकत्र बसवायचंच नाही. भ्यालेलं माणूस तिथं खरं बोललं, तर घरी गेल्यावर त्यालाच भोगावं लागतं.

शिकून ती भोरला आली, एक खोली घेऊन बसली. पहिलं बोलावणं आलं मार्गासनीच्या पलीकडच्या एका गावाहून. वर्षाराणी नावाची तिथली लेक सासरहून माहेरी निघून आली होती आणि नवऱ्याला, संपतला, ती परत हवी होती. गावात तंटे मिटवणारी समिती होती. तिचे अध्यक्ष गेनबा तात्या.

देवळाच्या मंडपात वीसेक पुरुष जमलेले. वर्षाराणी खांबाला टेकून, मान खाली घालून बसलेली.

"पोरी, तू शिकलेली हायेस," तात्या म्हणाले, "हिला चार शब्द सांग, म्हंजी जाईल नांदायला."

"तात्या, आधी तिला एकटीला भेटू द्या."

"एकटीला कशापायी? काय बोलायचं ते समद्यांम्होरं बोलू दे."

"तिला भीती वाटत असेल तर?"

संपत हसला. "म्या काय वाघ हाय व्हय?"

मागून कुणीतरी बोललं, "हिचंच लगीन न्हाई झालं, ही काय लोकांचे संसार जोडणार!" मंडप खदखदून हसला.

सुलक्षणा उठली. "गुरांचा डॉक्टर येतो, तेव्हा त्याला विचारता का, तू कधी म्हैस झाला होतास म्हणून?" तात्यांना तिनं पुन्हा बजावलं, हिला सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. कुणी ऐकलं नाही. ती निघून गेली.

समितीनं कापूरहोळहून कुमारला बोलावलं. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर त्याची पाटी होती, 'विवाह समुपदेशक'. त्यानं मंडपातच, सगळ्यांसमोर, वर्षाराणीला गोड आवाजात सांगितलं, "बोल ताई, समदी आपलीच माणसं हायती." आणि ती पोर विश्वासानं बोलली. दारू प्यायला की हा गळा धरतो, म्हणाली. संपतनं हात जोडले, माफी मागितली. पेढे वाटले गेले. वर्षाराणी सासरी गेली.

त्याच आठवड्यात ती दवाखान्यात होती, हात मोडलेला. सुलक्षणा धावत गेली. सगळ्यांना बाहेर काढून तिच्याजवळ बसली, तेव्हा कारण कळलं. "लोकांम्होरं माझी अब्रू काढलीस, म्हनला."

सुलक्षणा तडक एसटीनं कापूरहोळला गेली.

"तिचा हात मोडलाय," ती कुमारला म्हणाली. "ज्याच्या भीतीनं ती पळाली, त्याच्यासमोर तुम्ही तिला बोलायला लावलंत. कुठं शिकलात हे?"

"दोन दिवसांचं शिबिर केलंय की. सर्टिफिकेट हाय."

"दोन दिवस शिकलेल्याच्या हाती कुणी भिंतसुद्धा बांधायला देत नाही!"

"मॅडम, आवाज चढवू नका. ह्या कामाला लायसन पायजे, असं कुठल्या कायद्यात लिवलंय? दाखवा."

तिला दाखवता येईना. खालून जाणारा टेम्पो चालवायला लायसन लागतं, समोरचा ढाबा चालवायला लागतं. आणि मोडत चाललेला संसार हाती घेऊन त्यातल्या बाईला परत मारणाऱ्याच्या दारात सोडायला? एक पाटी रंगवली की झालं.

ती वर्षाराणीबरोबर पोलिसांत गेली. तक्रार नोंदवून होईपर्यंत हलली नाही. मग गेनबा तात्यांच्या दारात गेली.

"आमाला काय ठावं, असं हुईल म्हणून," तात्या खाली बघत म्हणाले.

"ठाऊक होतं, तात्या. तिनं सांगितलं होतं. वीस माणसांनी ऐकलं, आणि मग तुम्ही पेढे खाल्लेत."

पुढच्या तंट्याला तात्यांनी सुलक्षणाला शाळेची एक खोली रिकामी करून दिली, आणि मंडपातल्या कुणालाही त्या खोलीच्या दाराकडं फिरकू दिलं नाही. आसपासची काही गावं आता तसंच करतात. बाकीची अजून कुमारलाच फोन लावतात.

वर्षाराणी पानशेतला मावशीकडं राहते. खटला चालू आहे. हात बरा झालाय, पण मूठ अजून नीट वळत नाही.